पंचाहत्तर किलोमीटर, एकशे पाच तास

गोंदियाहून आलेला रस्ता कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ ला मिळतो. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा हाच तो जुना ‘सहा नंबर’. याच महामार्गावर, नागपूरच्या पलीकडे अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात, जून २०२२ मध्ये अचाट काम झालं. १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अंथरला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, २०१९ मधला. तिथे सुमारे २५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते.

या कामाला ३६,६३४ टन डांबरी मिश्रण लागलं. म्हणजे तासाला साधारण ३४७ टन. एका हायवा टिपरात २५ टन माल धरला, तर रात्रंदिवस दर सव्वाचार मिनिटांनी एक भरलेली गाडी थर अंथरणाऱ्या पेव्हरसमोर हजर हवी! मिश्रण प्लांटमधून तापलेलंच निघतं आणि निवायच्या आत त्यावर रोलर फिरावा लागतो. गाडी उशिरा आली की पेव्हर थांबतो आणि तिथे सांधा पडतो. सातशेवर माणसांनी जून महिन्यातल्या विदर्भात हा मेळ पाच दिवस जमवला.

आता हा आकडा कुठल्याही मोठ्या साहेबांसमोर ठेवा, साहेब पुण्यात बसलेले असोत की दोह्यात. पहिला प्रश्न ठरलेला: मग आपल्या कामाला वर्षं का लागतात?

उत्तर त्या थराच्या खाली आहे. १०५ तास फक्त वरच्या थराचे. त्याखालचा भराव, खडीचे थर, मोऱ्या आधीच तयार होत्या. आणि या पट्ट्याचं काम त्याआधी वर्षानुवर्षं रखडलं होतं, कंत्राटदार बदलले होते. ती वर्षं विक्रमात धरलेली नाहीत.

कोहमाऱ्याच्या बाजूला तर घड्याळच वेगळं चालतं. इथे महामार्ग नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांच्या मधून जातो, म्हणजे वाघांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवरून. जंगलातल्या भागाचं चौपदरीकरण परवानग्यांपायी कित्येक वर्षं अडून राहिलं. मला हा उशीर नुसता दोष वाटत नाही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. त्यांना रस्ता ओलांडायला जागा हवीच. पेंचजवळ महामार्ग ४४ खाली असे भुयारी मार्ग केले, तेव्हा २०१९ मध्ये कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी त्यातून जाताना दिसले. अशा मार्गांच्या काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात. माणसं दुप्पट लावली तरी त्या २८ चे १४ होत नाहीत.

अंदाज चुकणं फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अभ्यासक बेंट फ्लिवबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा हिशेब मांडला. दहातल्या नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजाबाहेर गेलेला निघाला. पुढे ब्रिटिश अर्थखात्याने अंदाजातला हा फाजील उत्साह आधीच धरून आकडे वाढवायला सांगितलं.

तेव्हा परदेशातल्या वरिष्ठांनी अशक्य तारीख दिली, तर नुसतं ‘जमणार नाही’ म्हणू नका. अशाच झालेल्या दहा कामांना प्रत्यक्ष लागलेले दिवस त्यांच्यापुढे ठेवा. परवानग्या, पावसाळा आणि काँक्रीटचे दिवस वेगळे लिहून दाखवा. आणि घाई कुठे खरंच करता येईल, तेही स्वतःहून सांगा.