चेतक स्कूटरच्या सांगाड्याचा जीर्णोद्धार

चेतक स्कूटरच्या सांगाड्याचा जीर्णोद्धार : गंजलेल्या पत्र्याचा निकामी भाग काढून त्या जागी नवा पत्रा जोडणे आणि सांगाडा मूळ आकारात आणून रंगविणे. बजाज ऑटो कंपनीने पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ पासून चेतक बनविली. तिला मोटारसायकलीसारखी नळ्यांची चौकट नव्हती. १९४६ च्या इटालियन व्हेस्पाप्रमाणे दाबयंत्रावर घडविलेला पोलादी पत्राच सर्व भार वाहतो. त्यामुळे त्यावरील गंज हा केवळ दिसण्याचा दोष नव्हे.

पाय ठेवण्याच्या तळपत्र्यावर रबराखाली पाणी व चिखल साचून तो आधी गंजतो. वरचा रंग शाबूत दिसला, तरी टोचा दाबताच आरपार जातो. अशी भोके पुट्टीने बुजवून रंग देण्याची पद्धत सर्रास आढळते. ती धोक्याची आहे. पुट्टी भार पेलत नाही आणि तिच्याखाली गंज वाढतच राहतो.

पेट्रोलची टाकी व एंजिन प्रथम उतरवितात. तळपत्रा कापण्यापूर्वी हँडलकडील भाग व मागील भाग यांमध्ये पोलादी कोनपट्टी तात्पुरती जोडावी लागते. अन्यथा सांगाडा पिळवटून दोन्ही चाके एका रेषेत राहत नाहीत. वितळजोड सलग न देता ठिपक्याठिपक्यांनी, मध्ये निवू देऊन दिल्यास पत्रा फारसा वाकत नाही. उघडा पत्रा पावसाळी हवेत रातोरात गंज धरतो, म्हणून त्याच दिवशी प्रायमर चढवितात. पत्र्यावर ठोकलेला सांगाडा-क्रमांक मात्र घासला जाऊ नये. तो नोंदणीपुस्तकाशी जुळला नाही, तर गाडीची ओळख पटविणे कठीण होते.