विश्लेषण : व्हायरल झाले, पुढे काय? स्वयंसेवी संस्थांना ‘कोनी’ आणि ‘आइस बकेट’ने काय शिकवले?

एखाद्या संस्थेचा व्हिडीओ व्हायरल झाला की तिचे काम झाले, असे अनेकांना वाटते. मात्र लाइक-शेअर आणि प्रत्यक्ष मदत यांत मोठे अंतर असते. अमेरिकेतून जगभर पसरलेल्या दोन मोहिमांत ते स्पष्ट दिसते.

‘कोनी २०१२’ काय होते?

‘इनव्हिजिबल चिल्ड्रन’ या संस्थेने ५ मार्च २०१२ रोजी सुमारे अर्ध्या तासाची फिल्म इंटरनेटवर टाकली. युगांडात मुलांना पळवून त्यांच्या हाती बंदुका देणारा जोसेफ कोनी पकडला जावा, यासाठी लोकांनी दबाव आणावा, असे तिचे आवाहन होते. सहा दिवसांत ती १० कोटी वेळा पाहिली गेली.

मग टीका का झाली?

कोनीची टोळी काही वर्षांपूर्वीच युगांडाबाहेर गेली होती. फिल्ममध्ये याचा उल्लेख ओझरताच होता. देणगीतील किती पैसा मदतकार्यावर आणि किती फिल्म-प्रचारावर जातो, हा प्रश्नही उभा राहिला. संस्थेने खुलासे केले, पण तोवर संशय पसरला होता. उत्तर युगांडातील लिरा शहरात फिल्म दाखवली गेली, तेव्हा प्रेक्षक इतके संतापले की दगडफेक झाली. ज्यांनी अत्याचार सोसले, त्यांना आपल्याच गोष्टीत आपण कुठेच दिसलो नाही. २० एप्रिलच्या रात्री शहरोशहरी पोस्टर लावण्याचा कार्यक्रम होता. अनेक ठिकाणी मोजकेच लोक आले.

‘आइस बकेट चॅलेंज’ वेगळे कसे ठरले?

‘एएलएस’ या आजारात स्नायूंना आदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता. २०१४ च्या उन्हाळ्यात पीट फ्रेट्स, पॅट क्विन आदी रुग्ण आणि त्यांच्या मित्रमंडळींमुळे हे आव्हान पसरले : डोक्यावर बर्फाचे पाणी ओता, देणगी द्या आणि आणखी काही जणांना नाव घेऊन २४ तासांची मुदत द्या. कृती सोपी होती. आवाहन ओळखीच्या माणसाकडून येत होते, त्यामुळे ते टाळणे अवघड होते. ‘एएलएस असोसिएशन’कडे काही आठवड्यांत सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले.

यावरही टीका झाली. पाणी वाया जाते, अनेक जण आजाराचे नावही घेत नाहीत, असे आक्षेप होते. भारतात याच कल्पनेला वेगळे वळण मिळाले. हैदराबादमध्ये त्याच वर्षी ‘राइस बकेट चॅलेंज’ सुरू झाले : बादलीभर तांदूळ गरजूला द्या आणि फोटो टाका.

पैशांचे पुढे काय झाले?

संस्थेने रकमेची विभागणी जाहीर केली. सुमारे दोन तृतीयांश वाटा संशोधनाला गेला. २०१६ मध्ये या निधीची मदत मिळालेल्या संशोधनातून आजाराशी संबंधित ‘एनईके१’ या जनुकाची भूमिका समोर आली. बादलीचे काय झाले, याचे उत्तर देणगीदारांना मिळाले. मात्र २०१५ मध्ये हेच आव्हान पुन्हा केले, तेव्हा निधी पहिल्या वर्षाच्या जवळपासही पोहोचला नाही. लाट मागवून येत नाही. त्यामुळे तिच्यावर विसंबून वर्षाचे अंदाजपत्रक आखता येत नाही.

छोट्या संस्थांनी काय करावे?

एका पोस्टमध्ये एकच मागणी ठेवावी : ‘मदत करा’पेक्षा ‘शनिवारी दोन तास शिकवायला या’ हे अधिक उपयोगी. देणगी मिळाल्यावर आभारासोबत खर्चाचा हिशेब द्यावा, अडलेले कामही सांगावे. ज्यांचा फोटो वापरायचा त्यांची, आणि मुलांच्या बाबतीत पालकांची, परवानगी घ्यावी. आपली ती पोस्ट त्या माणसाने स्वतः पाहिली तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न विचारावा.

आणि शेअर करणाऱ्यांनी?

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी क्रमांक विचारा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर थांबा. मदतीचे जुने आवाहन पुढे ढकलण्यापूर्वी तारीख पाहा आणि दिलेल्या क्रमांकावर एक फोन करा. गरज संपल्यावरही फिरत राहिलेला मेसेज रुग्णाच्या घरच्यांना त्रास देतो आणि पुढच्या खऱ्या आवाहनावरचा विश्वास कमी करतो.