वाळूच्या थरातला पुरावा

आपल्याकडे जमिनीची दोन नावे फार जुनी आहेत: काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी वस्तीची. घरे पडत गेली, राख, शेण, खापऱ्या साचत गेल्या आणि पांढरीची टेकाडे उभी राहिली. नदीकाठी मात्र या दोहोंखाली तिसरी जमीन असते. ती नदीने स्वतः रचलेली, वाळूची आणि पोयट्याची. जुने अवशेष समजून घ्यायचे तर ही तिसरी जमीन वाचता यायला हवी.

आमच्या तेलगाव भागाचे पाणी सिंदफणेतून गोदावरीला मिळते. पावसाळा सरला की मी ओढ्यांच्या कापलेल्या दरडी पाहत हिंडतो. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर पोयटा, मधूनमधून वाळूचे पट्टे आणि तळाशी गोटे, असा क्रम पुष्कळदा दिसतो. हा पाण्याच्या वेगाचा हिशेब आहे. जोराचा पूर गोटे लोटतो, वेग मंदावला की वाळू बसते, पाणी थबकले की पोयटा आणि चिकणमाती. घरी बरणीत पाणी व माती घालून हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी जाते, गढूळपणा निवळायला दिवस लागतात.

पण वाळूतला प्रत्येक पट्टा पुराचा नसतो. पावसाचे पाणी वाळूतून झिरपताना चिकणमातीचे ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक कण खाली नेते. पाणी जिथे थांबते तिथे ते वाळूच्या कणांना चिकटतात आणि कालांतराने तांबूस, पातळ पट्ट्या तयार होतात. येथेच फसगत होते. पुराचा थर त्याच्या वरच्या थराहून जुना असतो. ही झिरपपट्टी मात्र ज्या वाळूत आहे त्या वाळूहून नवी, कधी तीत पुरलेल्या मडक्याहूनही नवी असते. जुन्या खड्ड्याची कड ओलांडून ती सरळ पलीकडे जाते. तिला घराची जमीन समजले तर सारा कालक्रम चुकतो. चोपलेल्या जमिनीवर राख आणि आडव्या पडलेल्या खापऱ्या सापडतात. झिरपपट्ट्या नागमोडी, एकीखाली एक असतात आणि त्यांच्या वरखाली वाळू सारखीच असते.

वाळूत हवापाणी खेळते, म्हणून लाकूड, कापड, कातडे लवकर कुजते आणि लोखंड गंजते. आपल्या बेसॉल्टच्या प्रदेशातली माती बहुधा चुनखडीयुक्त असल्याने हाडे मात्र बरी टिकतात. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४-५६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन दफनात तांब्याच्या मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे अवशेष मिळाले. तांब्याच्या क्षारांत कुजवणारे जंतू वाढत नाहीत, म्हणून एवढा नाजूक धागा वाचला.

थर हातचा गेला तर काय होते, हे प्रवरेकाठच्याच दायमाबादने दाखवले. १९७४ मध्ये झाड उपटताना एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार कांस्यशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक. पण ती रीतसर उत्खननात, थरासह नोंदली गेली नव्हती. पुढे तिथे उत्खनने झाली, तरीही ती नेमकी कोणत्या काळची यावर अभ्यासकांत मतभेद राहिले.

आज तर वाळूच्या कणावरूनही काळ काढता येतो. कणावर शेवटचे ऊन कधी पडले, हे प्रयोगशाळेत मोजतात. त्यासाठी नमुना अंधारात, जागच्या जागी असलेल्या थरातून घ्यावा लागतो. उपसून उन्हात ढीग घातलेल्या वाळूतले हे घड्याळ पुसले जाते.

म्हणून नदीपात्रांतला बेसुमार वाळूउपसा, वीटभट्टीसाठी खणलेले काठ आणि खत म्हणून शेतात ओढली जाणारी पांढरी, हे सारे मला सारखेच खटकते. शेतकऱ्याची गरज खोटी नाही. पण विहीर किंवा शेततळे खणताना खापऱ्या, हाडे, राखेचा पट्टा दिसला तर तेवढे काम थांबवा. वस्तू उचलण्याआधी टेप लावून वरून किती खोल आहे ते लिहा, दरडीचा फोटो घ्या, तलाठ्यामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवा. मौल्यवान ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे. खापरीला बाजारात मोल नाही. तिचे मोल ती कोणत्या थरात होती यात आहे, आणि तो थर पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा कुदळ धरणाराच असतो.