अँटेनाची परीक्षा

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी अंदमान-निकोबार बेटांना तडाखा दिला, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा एक चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअर येथे होता. दळणवळणाची नेहमीची साधने कोलमडली असता या हौशी मंडळींच्या केंद्रावरून संदेशांची ये-जा झाली. अशा प्रसंगी आपण यंत्राचे आणि माणसाचे कौतुक करतो. खांबावरची अँटेना व तिच्यापर्यंत जाणारी केबल यांचे नावही कोणी काढीत नाही. आज त्या उपेक्षित जोडीच्या परीक्षेविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

कोअ‍ॅक्सियल केबलमध्ये मध्यभागी तांब्याची तार, तिच्याभोवती प्लॅस्टिकचा थर, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळे आवरण असते. हौशी केंद्रात बहुधा ५० ओहम संरोधाची केबल वापरतात. अँटेनाचा संरोधही तितकाच असेल तर केबलीतून आलेली शक्ती तिच्यात उतरते. नसेल तर तिचा काही भाग आल्या वाटेने परत फिरतो. या परतीवरून स्थिर तरंगांचे गुणोत्तर काढतात. ते एकास एक असणे आदर्श; दोनाच्या आत आले की पुष्कळ जण समाधान मानतात.

परंतु श्रोतेहो, फसगत होते ती येथेच. गावातील टंचाईची तक्रार तालुका आणि जिल्हा या कचेऱ्यांतून वर जाता जाता सौम्य होते, हा आम्हां सरकारी नोकरांच्या परिचयाचा अनुभव आहे. केबलही नेमके तेच करते. आरजी-५८ जातीच्या ३० मीटर केबलीत १४५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेला सुमारे ६ डेसिबल घट होते. म्हणजे चौथा हिस्साच वर पोहोचतो. आता वर अँटेना मुळीच नाही, केबलीचे टोक उघडेच आहे, असे समजा. तो चौथा हिस्सा सगळाच्या सगळा परत फिरेल; पण खाली येताना त्याचाही चौथाच भाग उरेल. एकूण शक्तीचा सोळावा हिस्सा परतलेला दिसेल आणि टेबलावरचे मापक सुमारे १.७ हा आकडा दाखवील. अँटेना नसतानाही प्रकृती उत्तम, असा हा दाखला!

या भुलीवर नेटवर्क अ‍ॅनलायझर हा उतारा आहे. हे यंत्र स्वतःच एक क्षीण संकेत सोडते, निरनिराळ्या कंप्रतांवर परत आलेला तरंग किती व कोणत्या कलेत आहे हे तपासते, आणि त्याचा आलेख काढते. एके काळी मोठ्या प्रयोगशाळांतच आढळणारे हे उपकरण २०१९ पासून तळहातावर मावेल अशा रूपात हौशी लोकांच्या आवाक्यात आले आहे.

प्रथम यंत्राला उघडे टोक, जोडून बंद केलेले टोक आणि ५० ओहमचा रोध ही तीन प्रमाणे दाखवावीत. याला कॅलिब्रेशन म्हणतात. नंतर अँटेना सोडवून, केबलीचे वरचे टोक उघडे ठेवून परतीची घट मोजावी. तरंग जाऊन-येऊन दोनदा प्रवास करतो, म्हणून आकड्याचे निम्मे ही केबलीची खरी घट. ती उत्पादकाच्या कोष्टकाहून बरीच अधिक निघाली तर केबल खराब झाली असे समजावे. पुढे तीच तीन प्रमाणे केबलीच्या अँटेनाकडील टोकाला लावून पुन्हा कॅलिब्रेशन करावे; मग केबलीचा पडदा दूर होऊन अँटेना आपले खरे रूप दाखवते. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ताणलेली सुमारे २० मीटरची तार ६.९ वर अनुनादित होत असेल तर ती लांब झाली आहे. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी कापून पुन्हा मोजावे. प्रत्येक बाजूने पाव मीटरच्या आसपास कापल्यावर ती जागेवर येऊ लागते.

दोन पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. अँटेनावर साचलेला विद्युत्‌भार या नाजूक यंत्राचा घात करू शकतो. म्हणून जोडण्यापूर्वी तो जमिनीत उतरवावा, आणि आकाशात वीज चमकत असता हे काम हाती घेऊच नये. तसेच प्रेषक यंत्राची शक्ती याच्या तोंडी कधीही लावू नये.

पावसाळा हा केबलीचा मोठा शत्रू. सांध्यातून पाणी शिरून जाळी काळवंडते, घट वाढते, आणि टेबलावरचे गुणोत्तर मात्र सुधारल्यासारखे दिसते. म्हणून काहीही दुरुस्ती केलेली नसता आकडा चांगला झाला, तर आनंद न मानता शिडी लावावी. पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवावेत. संकटाच्या दिवशी खांबावर चढून दोष शोधण्यास सवड नसते. तो शोध शांततेच्या दिवसांतच पुरा झालेला असला पाहिजे.