मात्रा पूर्ण व्हावी

आपण लस टोचून, वजनाचे आलेख काढून वाचविलेले मूल चौदाव्या वर्षी पैशाअभावी शाळा सोडते, तेव्हा आपले निम्मे श्रम वाया जातात. नैरोबीतील ‘स्टारेहे बॉईज सेंटर’ या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

केनियातील माऊ माऊ उठावाच्या काळात निराधार झालेल्या मुलांसाठी जेफ्री ग्रिफिन, जेफ्री गेटुरो व जोसेफ गिकुबू यांनी १९५९ साली दोन पत्र्याच्या खोल्यांत ही संस्था आरंभिली. खोल्या तेल कंपन्यांनी दिल्या. पुढे ‘सेव्ह द चिल्ड्रन’चे साहाय्य लाभले. येथे बहुसंख्य मुले विनाशुल्क शिकतात, तर सधन पालक ऐपतीप्रमाणे शुल्क भरतात. गणवेश मात्र सर्वांचा एकच. त्यामुळे साहाय्य घेणाऱ्याची मान खाली जात नाही. विद्यार्थ्यांनी समाजसेवा करून हे ऋण फेडावे, अशी येथील परंपरा आहे. २००५ साली मुलींसाठीही अशीच शाळा निघाली.

केनियात २००८ पासून सरकारी माध्यमिक शाळांतील शिकवणीचा खर्च शासन उचलते. तरी भोजन, गणवेश, निवास यांचा भार उरतोच. म्हणून एका वर्षाची देणगी अपुरी ठरते. अर्धवट सोडलेल्या औषधाने रोग बरा होत नाही, हे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना कोणी सांगावयास नको. साहाय्याची मात्राही शालान्त परीक्षेपर्यंत पूर्ण व्हावी.