सुगरणीचे घरटे कोण विणते? : प्रौढ वयातील प्राणिअभ्यासाविषयी

प्राण्यांची आवड आणि प्राण्यांचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवड बहुधा लहानपणीच लागते. अभ्यासाची ओढ मात्र अनेकांना उशिरा लागते. बँकेत, शाळेत किंवा कारखान्यात पंधरा-वीस वर्षे काढलेला माणूस रविवारी दुर्बीण घेऊन पाणथळीवर जातो, गल्लीतल्या जखमी कुत्र्याला औषध लावतो, गोठ्यातल्या गाईचे दुखणे तिच्या रवंथावरून ओळखतो. आणि एके दिवशी त्याच्या मनात येते, की हे रीतसर शिकायला हवे. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "या वयात कॉलेज कशाला? आवड आहे ना, मग पुस्तके वाच." प्रश्न रास्त आहे. पुस्तके, माहितीपट, व्याख्याने आज सहज मिळतात. मग वर्गात बसून, परीक्षा देऊन असे काय मिळते, की जे आवडीतून मिळत नाही? याचे उत्तर शोधण्यासाठी दोन आयुष्यांकडे पाहू. एक आपल्या मुंबईचे, दुसरे इंग्लंड-आफ्रिकेतले.

खाणीतून वर्गात

सालिम अली यांचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. लहानपणी मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. सेंट झेवियर्स कॉलेजातले पहिले वर्ष त्यांना जड गेले आणि शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात, तवॉय भागात, कुटुंबाच्या वुल्फ्राम खाणीच्या व्यवसायात गेले. तिथल्या जंगलांनी पक्ष्यांचे वेड वाढवले. व्यवसाय मात्र जमला नाही. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले आणि दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब शिकू लागले. त्यांचा कल ओळखला तो फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. त्यांच्या आग्रहामुळे सालिम अलींनी त्याच काळात सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रमही पूर्ण केला. एकीकडे जमाखर्च आणि दुसरीकडे प्राणिशास्त्र, अशी ती दुहेरी शिकवणी होती.

विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती, आणि याच कारणाने भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळाले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात ते मार्गदर्शक व्याख्याते झाले. दोन वर्षांतच त्यांना आपल्या ज्ञानातली उणीव जाणवू लागली. १९२८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, संसारी माणूस असताना, रजा घेऊन ते बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. स्ट्रेझेमान असाही उच्चार होणाऱ्या या जर्मन शास्त्रज्ञाला ते पुढे आयुष्यभर गुरू मानत राहिले. ब्रह्मदेशातून गोळा केलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांवर त्यांनी तिथे काम केले आणि हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र पाहिले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात, तर पैशांअभावी त्यांचे पदच रद्द झालेले.

अर्धवट घरट्यांचे कोडे

नोकरी गेल्यावर सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आता या पक्ष्याकडे जरा मराठी माणसाच्या नजरेने पाहू. आपण त्याला 'सुगरण' म्हणतो. नाव स्त्रीलिंगी. पिलांसाठी घरटे विणणारी कष्टाळू आई ही आपल्या मनातली प्रतिमा लोकगीतांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सर्वत्र पसरलेली आहे. ज्यांनी ती प्रतिमा घडवली त्यांचे प्रेम खरेच होते आणि घरट्याच्या विणीचे निरीक्षणही बारीक होते. पण घरटे विणतो तो नर.

प्रत्येक वसाहतीत पूर्ण घरट्यांबरोबर काही अर्धवट, शिरस्त्राणासारखी दिसणारी घरटीही लोंबत असतात. ती नराच्या विसाव्यासाठी असतात, असे सांगितले जाई. किहीमला सालिम अलींनी महिनोन् महिने रोजच्या रोज नोंदी ठेवल्या, तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. नर अर्ध्यापर्यंत घरटे विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरून विण तपासते. पसंत पडले तर ती ते घरटे ताब्यात घेते आणि जोडी जमते. मग नर प्रवेशाची लांब नळी विणून काम पुरे करतो. मादी अंडी उबवायला बसली, की हा गृहस्थ शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. पसंत न पडलेली घरटी तशीच अर्धवट राहतात. म्हणजे अर्धवट घरटे हे आळसाचे किंवा विसाव्याचे चिन्ह नसून बहुधा नापसंतीची खूण असते. एका नराची एकामागून एक अनेक माद्यांशी जोडी जमते, हे या अभ्यासातून पुढे आले.

हे समजायला दुर्मीळ उपकरण लागले नाही. लागल्या त्या चार सवयी : एकेका घरट्याची स्वतंत्र नोंद, तारीख आणि वेळ, नर-मादीची निश्चित ओळख, आणि जे दिसले ते व जे वाटले ते वेगळे लिहिण्याची शिस्त. संग्रहालयातले मृत नमुने मोजणे आणि जिवंत पक्ष्याचे वर्तन तपासणे या दोन्हींची सांगड घालायची दृष्टी त्यांना बर्लिनमध्ये मिळाली होती. बर्लिनहून ते पदवी घेऊन आले नव्हते. ही शिस्त मात्र घेऊन आले होते.

मत्सर म्हणावे की नाही?

दुसरे उदाहरण जेन गुडॉल यांचे. १९३४ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलीने चिटणिसीचा अभ्यासक्रम केला, हॉटेलात वाढपिणीचे काम करून आफ्रिकेच्या प्रवासाचे पैसे जमवले आणि केनियात लुई लीकी या शास्त्रज्ञाकडे ती चिटणीस म्हणून लागली. लीकींनी १९६० मध्ये तिला आजच्या टांझानियातील गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करायला पाठवले. त्याच वर्षी तिने चिंपांझींना गवताच्या काड्या वारुळात घालून वाळवी काढताना पाहिले. काडीची पाने ओरबाडून तिला कामाजोगती करतानाही पाहिले. हत्यार बनवणे ही केवळ माणसाची मिरास आहे, या समजाला त्याने धक्का बसला.

तरीही लीकींनी आग्रह धरला, की पदवीशिवाय तुझे म्हणणे कोणी मनावर घेणार नाही. १९६२ मध्ये, पहिली पदवी नसताना, केंब्रिज विद्यापीठाने तिला थेट पीएच.डी.साठी घेतले. तिथे तिला ऐकावे लागले, की तुझी पद्धतच चुकली आहे. चिंपांझींना नावे कशाला दिलीस, क्रमांक द्यायचे. त्यांचे स्वभाव, मन, भावना यांविषयी बोलायचे नाही. गुडॉल मागे हटल्या नाहीत. पण त्यांचे मार्गदर्शक रॉबर्ट हाइंड यांनी त्यांना एक मोलाची गोष्ट शिकवली. फिफी ही चिंपांझीण आपल्या धाकट्या भावाजवळ कोणी आले, की अंगावर धावून जाई. गुडॉलनी लिहिले, तिला मत्सर वाटला. हाइंड म्हणाले, हे सिद्ध करता येणार नाही. असे लिही, की फिफीचे वागणे असे होते, की ती माणसाचे मूल असती तर आपण त्याला मत्सर म्हटले असते.

वरवर ही शब्दांची कसरत वाटेल. पण या वाक्यात निरीक्षण शाबूत आहे, तुलना उघडपणे मांडली आहे, आणि सिद्ध न होणारा दावा केलेला नाही. आक्षेप घेणाऱ्याला बोट ठेवायला जागा उरत नाही आणि लेखिकेला आपला अनुभवही खोडावा लागत नाही. १९६६ मध्ये गुडॉलना पीएच.डी. मिळाली. पुढच्या दशकांत प्राण्यांचे स्वभाव आणि भावना हा संशोधनाचा मान्य विषय झाला. विद्यापीठाने त्यांना पुरावा मांडायला शिकवले आणि त्यांनी विद्यापीठाला प्राण्याकडे व्यक्ती म्हणून पाहायला शिकवले. प्रौढ विद्यार्थी रिकाम्या पाटीनिशी येत नाही. त्याचे मोल यातच आहे, आणि शिक्षकांशी त्याचे खटके उडतात तेही यामुळेच.

आपल्याकडच्या वाटा

केंब्रिजने गुडॉलसाठी उघडलेले दार अपवादात्मक होते. आपल्याकडे परतू पाहणाऱ्याला आधी हे ठरवावे लागते, की आपल्याला प्राणी बरे करायचे आहेत, की समजून घ्यायचे आहेत. दोन्ही वाटा अगदी वेगळ्या आहेत.

पहिली वाट पशुवैद्यकाची. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. राज्यातील या शिक्षणाचा कारभार आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे आहे. पदवीला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. नोकरी सांभाळून हे शिक्षण होत नाही. हजेरी, गोठा, रुग्णालय यांत पूर्ण दिवस जातो. वयाची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय तयारीचा खर्च करू नये.

दुसरी वाट प्राणिशास्त्राची. बारावीला विज्ञान नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून जीवशास्त्रासह ती परीक्षा देता येते. तिथे वयाची कमाल मर्यादा नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून विज्ञान शाखेत प्राणिशास्त्र घेता येते. प्रात्यक्षिकांसाठी मात्र अभ्यासकेंद्रावर हजर राहावे लागते. जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : वाघ आणि गरुड अभ्यासक्रमात उशिरा येतात. आधी पेशी, जनुके, जीवरसायन आणि संख्याशास्त्र येते. अनेकांचा उत्साह इथेच मावळतो. पण अर्धवट घरट्यांची संख्या खरोखर जास्त आहे, की ती फक्त आपल्या नजरेत भरली, हे संख्याशास्त्राशिवाय कळत नाही. बेडूक फाडावा लागेल म्हणून ज्यांनी तरुणपणी विज्ञान सोडले, त्यांच्यासाठी एक बदल महत्त्वाचा : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याचे निर्देश दिले.

तिसरी वाट पदवीधरांसाठी. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथे वन्यजीवविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. जागा थोड्या आणि निवड कडक. ज्यांना इतके झेपणार नाही, त्यांच्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम ही चांगली सुरुवात आहे.

किंमत आणि कसोटी

या निर्णयाची किंमत खरी असते. पगार थांबतो किंवा घटतो, मुलांच्या फीबरोबर स्वतःची फी भरावी लागते, आणि वीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून पाठांतर करताना स्मरणशक्ती हात देत नाही. शिवाय शेवटी नोकरीची हमी नाही. बर्लिनहून परतलेल्या सालिम अलींनाही ती नव्हती. म्हणून केवळ प्राण्यांवर प्रेम आहे, एवढ्या भांडवलावर प्रवेश घेऊ नये. प्रेमासाठी कॉलेज लागत नाही. कॉलेज लागते ते मनात असा प्रश्न असेल, की ज्याचे उत्तर प्रेमाने मिळत नाही.

तसा प्रश्न आपल्याकडे आहे का, हे घरबसल्या तपासता येते. प्रवेशअर्ज भरण्याआधी एक वर्षभर एकाच प्राण्याची वही ठेवावी. खिडकीतली साळुंकी चालेल, गोठ्यातली म्हैस चालेल. डाव्या पानावर तारीख, वेळ आणि जे दिसले ते. उजव्या पानावर जे वाटले ते. दोन्ही पाने जुळत नाहीत असे दिवस येऊ लागतील आणि ते का जुळत नाहीत, या विचाराने झोप उडेल, तेव्हा अर्ज भरावा. वर्ष संपण्याआधीच वही कंटाळवाणी झाली, तर पाणथळीवरचा रविवार आहेच. त्यातही कमीपणा काही नाही.