क्रूझवरचं जास्तीचं ताट

दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली, की सुरतेतल्या ट्रॅव्हल एजंटांकडे काश्मीर-केरळच्या जोडीला आता क्रूझचीही चौकशी होते. हिऱ्यांचे कारखाने आणि कापडबाजार एकाच सुमारास बंद होतात आणि अर्धं शहर एकदम प्रवासाला निघतं. यंदा या चौकशीला बातम्यांचंही बळ आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं २० सप्टेंबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालं. ‘कॉर्डेलिया’ या भारतीय क्रूझ कंपनीच्या ताफ्यात ‘नॉर्वेजियन स्काय’ २०२६ मध्ये आणि ‘नॉर्वेजियन सन’ २०२७ मध्ये भाडेकराराने दाखल होणार, हेही जाहीर झालं आहे. जहाजं किती मोठी, टर्मिनल किती चकचकीत, हे सगळं छापून आलं आहे. ज्यावर कुटुंबात खरी चर्चा होते, तो विषय मात्र राहून गेला. तो विषय म्हणजे जेवण.

भाड्यात जेवण धरलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जहाजावर पाऊल ठेवलं की ‘स्पेशालिटी रेस्टॉरंट’ची पाटी दिसते. आशियाई, इटालियन, स्टेकहाउस, जपानी. तिथे बसायचं तर वेगळे पैसे. ते द्यावेत का? ‘सुरतनुं जमण’ ज्या शहराच्या नावाने म्हणीत जाऊन बसलं आहे, तिथल्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच जवळचा वाटणार. सुरतेच्याच लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या आपल्या खानदेशी मंडळींनाही तो तितकाच लागू आहे.

येणारी दोन्ही जहाजं ज्या कंपनीची आहेत, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि सगळ्यांना एकच भोजनगृह ही जुनी पद्धत मोडून ‘हवं तेव्हा, हवं तिथे खा’ हा प्रकार नॉर्वेजियन कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने रूढ केला. एका भोजनगृहाच्या जागी अनेक रेस्टॉरंटं आली आणि त्यांतली बरीचशी पैसे मोजून बसायची. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून फिरणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे १९९० सालचं जहाज तुलनेने साधं आहे. तिथे ‘स्टारलाइट’ आणि ‘फूड कोर्ट’ भाड्यात येतात, ‘चॉपस्टिक्स’ला वेगळे पैसे पडतात. नवी जहाजं अनेक रेस्टॉरंटांच्या आखणीसह येतील. त्यामुळे भारतीय प्रवाशाला हा निवाडा पुढे वरचेवर करावा लागेल, असं मला वाटतं.

कंपन्यांना या पाटीत इतका रस का, हे त्यांच्या ताळेबंदात दिसतं. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन या तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या एकूण उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग तिकिटांखेरीजच्या विक्रीतून येतो. त्यात दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट हे सगळं आहे आणि जास्तीचं जेवणही आहे. तिकीट स्वस्त दिसावं आणि उरलेलं जहाजावर वसूल व्हावं, अशी ही रचना आहे. यात बेकायदा काही नाही. फक्त आपण ते ओळखून बसावं.

याची तुलना आपल्या फेरीबोटींशी करून पाहा. हजिऱ्याचा समुद्र सुरतेला नवा नाही. ८ नोव्हेंबर २०२० ला हजिरा-घोघा रो-पॅक्स सेवा सुरू झाली आणि रस्त्याचे सुमारे ३७० किलोमीटर समुद्रमार्गे ९० वर आले. ३१ मार्च २०२१ ला हजिरा-दीव मार्गावर ‘मुंबई मेडन’ निघाली. तिची क्षमता ३०० प्रवाशांची, प्रवास १३-१४ तासांचा आणि एका बाजूचं भाडं ९०० रुपये अधिक कर असं होतं. फेरीबोटीत माणूस खाण्यासाठी खिशात हात घालतो तेव्हा त्याला काही खटकत नाही, कारण भाडं फक्त वाहतुकीचं असतं. क्रूझचं तसं नाही. तिथे जेवणाचे पैसे आधीच घेतलेले असतात आणि तरीही दुसऱ्यांदा मागितले जातात.

या ‘दुसऱ्यांदा’चाच इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. जहाजावर वेगळे पैसे देऊन जेवायची कल्पना आजची नाही. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर १९०५ मध्ये ‘रिट्झ’ या प्रसिद्ध हॉटेलच्या नावाचं आ-ला-कार्ट रेस्टॉरंट उघडलं आणि त्याच्या उभारणीत ऑग्युस्त एस्कॉफिये या त्या काळच्या सर्वांत नामवंत फ्रेंच शेफचा सहभाग होता. श्रीमंत प्रवाशांना लंडन-पॅरिसच्या हॉटेलसारखं, आपल्या वेळेला आणि आपल्या पसंतीचं खायचं होतं. पुढे ‘टायटॅनिक’वर बी डेकवर असंच रेस्टॉरंट होतं. ते फक्त पहिल्या वर्गासाठी होतं आणि लुइजी गाती हा इटालियन व्यावसायिक ते चालवत होता. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री, हिमनग आदळण्याच्या काही तास आधी, वाइडनर कुटुंबाने कॅप्टन स्मिथला याच रेस्टॉरंटमध्ये मेजवानी दिली होती. रेस्टॉरंटचे नोकर बहुतेक इटालियन आणि फ्रेंच होते. त्या रात्रीतून त्यांच्यातले जेमतेम तिघे वाचले.

पण आपल्या हिशेबाची गोष्ट वेगळीच आहे. ‘टायटॅनिक’ची मालक असलेल्या व्हाइट स्टार कंपनीच्या त्या काळच्या जहाजांवर, एखाद्या प्रवाशाने पूर्ण प्रवासभर रेस्टॉरंटमध्येच जेवायचं ठरवलं, तर त्याला भाड्यात सूट मिळत असे. जे ताट तुम्ही घेणार नाही, त्याचे पैसे कंपनी परत करी. साधा, सरळ व्यवहार. आज एकही मोठी कंपनी हे करत नाही. तुम्ही स्पेशालिटीत बसलात, की मुख्य भोजनगृहातली तुमची खुर्ची रिकामी राहते, तिथलं अन्न वाचतं आणि ती बचत कंपनीकडेच राहते. म्हणून ‘कव्हर चार्ज’ म्हणून लिहिलेला आकडा ही त्या जेवणाची खरी किंमत नव्हे. सोडून दिलेल्या जेवणाचे पैसेही त्यात मिळवायला हवेत.

मोठ्या अमेरिकन जहाजांवर स्टेकहाउसचा दर सध्या माणशी साधारण ५० ते ७० डॉलर असतो आणि त्यावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं. चौघा मोठ्यांचं कुटुंब ६० डॉलरच्या दराने बसलं तर २४० डॉलर आणि सेवाशुल्क धरून २८३. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर एका रात्रीचे जवळपास २५ हजार रुपये. पेयं वेगळी.

एवढे पैसे देऊन मिळतं काय? काहीच मिळत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मुख्य भोजनगृहाचा भटारखाना एका संध्याकाळी शेकडो, मोठ्या जहाजांवर हजारो ताटं काढतो. पदार्थ आधी करून, गरम राखून, ठरल्या मिनिटाला बाहेर जातात. स्पेशालिटीत टेबलं थोडी, स्वयंपाकी वेगळे आणि पदार्थ तुम्ही सांगितल्यावर चुलीवर चढतो. मासा कोरडा पडत नाही, पास्ता चिकट होत नाही. गोंगाट कमी, बसायला वेळ भरपूर. मांस आणि समुद्री खाणं वरच्या प्रतीचं असतं. मासे-मटण आवडीने खाणाऱ्याला हा फरक जिभेवर कळतो आणि सात रात्रींच्या सफरीत त्याने एक संध्याकाळ तिथे घालवली तर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

शाकाहारी माणसाचा हिशेब मात्र पूर्ण उलटा आहे, आणि सुरतेत बसून लिहिताना हे ठासून सांगणं भाग आहे. ठोक कव्हर चार्ज ठरतो तो स्टेक, लॉबस्टर, सुशीच्या मासळीच्या भावावर. जो माणूस तिथे जाऊन मशरूमचा रिसोटो आणि जोडीला पालक खातो, तोही तेवढेच डॉलर देतो. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या लॉबस्टरचा वाटा शाकाहारी कुटुंब उचलतं. जैन कुटुंबाची अडचण आणखी मोठी. कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य झाल्यावर त्या छोट्या मेनूत उरतं काय? आणि जी मंडळी सूर्यास्तापूर्वी जेवतात, त्यांच्यासाठी तर दार जवळजवळ बंदच आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रावर सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि ही रेस्टॉरंटं रात्रीच्या जेवणासाठी बहुधा त्या सुमारास किंवा त्यानंतरच उघडतात. चौविहार पाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी टेबल राखून ठेवणं म्हणजे निव्वळ पैसे बुडवणं.

विजेच्या भटारखान्याचाही यात भाग आहे. आगीच्या भीतीने जहाजावर उघडी ज्वाला टाळतात, बहुतेक सगळं काम विजेवर चालतं. फुलका थेट आचेवर फुगत नाही, वांगं जाळावर भाजलं जात नाही. खानदेशी भरिताची चव शोधत कोणी ‘इंडियन स्पेशालिटी’चे पैसे भरले, तर त्याच्या पदरी निराशाच येईल. ते भरीत लिंबायतच्या घरातच उत्तम होतं.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती. परदेशी जहाजांवरचं भारतीय माणसाला मिळणारं सर्वांत चांगलं खास जेवण फुकट असतं, ते फक्त मागावं लागतं. मुख्य भोजनगृहात हेड वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवलं, की दुसऱ्या दिवशी भारतीय शाकाहारी जेवण बहुतेक वेळा करून मिळतं. डाळ, भाजी, भात, कधी पराठाही. याचं कारण भटारखान्यातल्या माणसांत आहे. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या आगबोटींवर डेकवर कोकण-गुजरातचे खलाशी असत आणि भोजनगृहात, स्वयंपाकघरात गोवेकर. खलाशांसाठी रांधणाऱ्याला तेव्हा ‘भंडारी’च म्हणत. ती परंपरा तुटलेली नाही. आजही जगभरच्या क्रूझवर गोवा, कोकण आणि मुंबईची मुलं वाढपी आणि आचारी म्हणून मोठ्या संख्येने आहेत. महिनोन्‌महिने घरापासून लांब असलेल्या त्या मुलांशी मराठीत किंवा कोंकणीत दोन शब्द बोला. तुमच्यासाठी डाळीला वेगळी फोडणी घालताना त्यांना ओझं वाटत नाही. त्यांना मनापासून टीप द्या. ते पैसे थेट त्यांच्या हातात जातात.

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर आपल्याकडून पुष्कळ लोक जातात. तिथे भारतीय गर्दी ओळखून जैन आणि शाकाहारी जेवणाची सोय भाड्यातच केलेली असते. कॉर्डेलियावरही जैन जेवण भाड्यातच मिळतं. अशा ठिकाणी शाकाहाऱ्याने जास्तीचे पैसे भरायला कारणच उरत नाही.

दोन रात्रींच्या मुंबई-गोवा सफरीबद्दल माझं मत याहून कडक आहे. रात्रीची जेवणं दोनच. त्यांतलं एक विकत घेतलं तर भाड्यात भरलेल्या रात्रीच्या जेवणांपैकी निम्मं सोडून दिलं. अशा सफरीत मांसाहारी असा वा शाकाहारी, स्पेशालिटी टाळावी. लांबच्या सफरीत जायचंच असेल तर घरून, आधीच नोंदणी करावी. जहाजावर चढल्यावरचा दर सहसा जास्त असतो. काही कंपन्या पहिल्या रात्री सवलत देतात, कारण तेव्हा टेबलं रिकामी असतात. समुद्रातल्या दिवशीचं दुपारचं जेवण रात्रीपेक्षा स्वस्त पडतं. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी कमी दर असतो, तो विचारून घ्यावा. जिथे ठोक रक्कम न घेता पदार्थागणिक बिल होतं, तिथे शाकाहाऱ्यावरचा अन्याय आपोआप कमी होतो. तीन किंवा पाच जेवणांची ‘पॅकेजं’ मात्र माणसाला हवं त्याहून जास्त घ्यायला लावतात.

चिंता वाटते ती वेगळ्याच दिशेने. पैशाची रेस्टॉरंटं वाढतात तसं भाड्यातलं ताट आकसतं का? कार्निव्हलने २०२२ च्या अखेरीपासून मुख्य भोजनगृहात तिसऱ्या मुख्य पदार्थापासून प्रत्येकी पाच डॉलर घ्यायला सुरुवात केली. रॉयल कॅरिबियनवर भाड्यातल्या एका लॉबस्टरनंतर पुढच्याला पैसे पडतात. रक्कम छोटी आहे, दिशा मात्र चांगली नाही. भारतात हा धंदा आता कुठे उभा राहतो आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’चं उद्दिष्ट २०२९ पर्यंत क्रूझप्रवासी दुप्पट करण्याचं आहे. येणारे बहुतेक प्रवासी पहिल्यांदाच क्रूझवर चढणारे असतील, आयुष्यभराच्या बचतीतून आई-वडिलांना घेऊन येणारे असतील. त्यांना भाड्यातलं जेवण भरपूर आणि चांगलं मिळालंच पाहिजे. जास्तीचं ताट हा शौक राहावा, भाड्यातलं पातळ झालं म्हणून तो नाइलाज होऊ नये.

एक विनंती प्रवाशांना आहे आणि एक एजंटांना. घरचे थेपले, पोळ्या जहाजावर सहसा चढू देत नाहीत, बंद पाकिटातला खाखरा बहुधा चालतो. तेवढ्यासाठी बंदरावर वाद नको. आणि सुरतेच्या एजंटांनी पॅकेजच्या कागदावर, गुजराती आणि मराठी दोन्हींत, तीन ओळी ठळक छापाव्यात: भाड्यात कोणती भोजनगृहं येतात, कोणत्यांना पैसे पडतात आणि जैन जेवण कुठे व किती वाजता मिळतं. ज्या कागदावर या तीन ओळी नसतील, त्यावर आगाऊ रक्कम भरू नका.